वीस पौंडांची दोरी, तीस पौंडांचा मासा

मुंबईच्या मासळीबाजारात गिऱ्हाईक जरा इंग्रजी झाडणारं असलं की मावशी रावसाची तुकडी पुढे सरकवत म्हणते, "घे, सामन हाय. इंडियन सामन." हॉटेलांच्या मेनूकार्डांवरही रावसाचं हेच बारसं झालंय. खरं तर रावस आणि सामन यांचं दूरदूरचंही नातं नाही. रावस आपल्या उबदार किनाऱ्याचा, खाड्यांच्या तोंडाशी रमणारा, गळ्याखाली मिशांसारखे धागे असलेला मासा. सामन थंड पाण्यातला. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. आपल्याकडे त्याच्यासारखी येरझार घालणारा मासा शोधायचाच तर तो पाला, म्हणजे बंगाल्यांचा हिलसा. पण पाला अंडी घालून परत समुद्राकडे वळू शकतो. पॅसिफिक महासागरातल्या सामनांना परतीचं तिकीट नसतं. नदीत शिरले, अंडी घातली, की आठवड्या-दोन आठवड्यांत खेळ खलास.

आज ज्या मासेमारीबद्दल लिहितोय ती या प्रवासाच्या अगदी शेवटच्या वळणावर, नदीच्या उंबऱ्यावर चालते. शंभर वर्षांपूर्वी काही हौशी लोकांनी तिला असे नियम घालून दिले की मासा पकडणं जेवढं अवघड करता येईल तेवढं अवघड व्हावं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा शुद्ध येडेपणा वाटला होता. एकेका नियमामागचं कारण कळत गेलं तसं मत बदललं. सगळ्या नियमांबद्दल नाही, ते पुढे सांगतो.

जागा आहे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या व्हँकुव्हर बेटावर. (व्हँकुव्हर शहर या बेटावर नाही. ते समोर, मुख्य भूमीवर आहे. हा घोळ सगळ्यांचा होतो.) बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, पन्नासाव्या अक्षांशावर, कॅम्पबेल रिव्हर नावाचं पस्तीसेक हजार वस्तीचं गाव आहे. नदीचंही नाव तेच. ती समुद्राला मिळते तिथे वाळू-गोट्यांची एक दांडी समुद्रात शिरलेली आहे, तिला टायी स्पिट म्हणतात. दांडीच्या पुढ्यातल्या पाण्याला म्हणतात टायी पूल. पूल म्हणजे पोहण्याचा हौद नव्हे, नदीच्या मुखापुढचा समुद्राचा एक तुकडा. दरवर्षी १५ जुलै ते १५ सप्टेंबर या दोन महिन्यांत पहाटे आणि संध्याकाळी या तुकड्यात वल्ह्यांच्या लहान लहान होड्या हळूहळू फिरत असतात. इंजिनाचा आवाज नाही. प्रत्येक होडीत बहुधा दोनच माणसं, एक वल्हवणारा आणि एक गरवणारा.

टायी हा शब्द चिनुक जार्गन या बोलीतला. या किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या आदिवासी भाषा बोलणाऱ्यांनी आणि गोऱ्या व्यापाऱ्यांनी मिळून घडवलेली ती बाजारबोली होती. टायी म्हणजे म्होरक्या, प्रमुख. आपल्याकडे माशाला 'पाटील' म्हणावं तसं. सामनांच्या जातींमध्ये चिनुक ही सगळ्यात मोठी जात. कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर तिला एरवी स्प्रिंग म्हणतात, पण तोच मासा ३० पौंडांचा झाला की त्याचा टायी होतो. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो. घरच्या सिलिंडरमधला गॅस भरतो १४.२ किलो, त्यावरून अंदाज घ्या.

आता क्लब. टायी क्लब ऑफ ब्रिटिश कोलंबिया, स्थापना १९२४. याचं सभासदत्व पैसे भरून मिळत नाही, ओळखीनेही मिळत नाही. टायी पुलात, हंगामाच्या दोन महिन्यांत, क्लबच्या नियमांनी ३० पौंडांचा किंवा त्याहून मोठा मासा पकडून क्लबच्या काट्यावर तोलायचा, की झालात सभासद. सोबत कोटावर लावायचा एक बिल्ला मिळतो. तीसच्या घरातल्या माशाला ब्राँझचा, चाळीसच्या घरातल्याला चांदीचा, पन्नाशीला सोन्याचा, साठीला हिऱ्याचा आणि सत्तरीच्या पुढे माणकाचा. माणकापर्यंत पोचणं म्हणजे काय ते एका आकड्यावरून कळेल. क्लबचा विक्रम ७१.५ पौंडांचा आहे, वॉल्टर शट्स यांचा, १९६८ सालचा. साडेबत्तीस किलोंच्या आसपास, म्हणजे पाचवीतल्या पोराएवढा मासा. हंगामातला सगळ्यात मोठा मासा ज्याच्या नावावर लागतो तो त्या वर्षाचा 'टायी मॅन'.

आणि आता नियम, ज्यांच्यासाठी हा लेख.

होडी वल्ह्यांनीच चालवायची, यंत्राला मज्जाव. आमिष खोटंच हवं, म्हणजे धातूचा चमचा किंवा लाकडा-प्लास्टिकचा माशाच्या आकाराचा तुकडा, ज्याला प्लग म्हणतात. जिवंत किंवा मेलेला मासा आमिष म्हणून लावायचा नाही. गरी एकच, आणि तिला उलटी नखी नसलेली. दोरी २० पौंडांपर्यंतच ताण सोसणारी. रॉड किती लांबीचा असावा याचीही मर्यादा आहे. आणि मासा लागल्यापासून होडीच्या कडेला येईपर्यंत रॉडला आणि रिळाला गरवणाऱ्याशिवाय कुणाचाही हात लागता कामा नये.

यातली उलटी नखी आधी समजून घेऊ, कारण कोकणात परसातल्या वहाळात गरवणाऱ्या पोरालाही तिची किंमत ठाऊक असते. गरीच्या टोकाच्या जरा आत एक बारीक काटा मागच्या दिशेने वळलेला असतो. गरी तोंडात रुतली की हा काटा तिला मागे सरकू देत नाही. दोरी सैल पडली तरी मासा अडकलेला राहतो. ही नखी घासून किंवा चेपून टाकली की गरी म्हणजे नुसती वाकवलेली सुई. ती रुतून राहते फक्त ताणावर. अर्धा सेकंद दोरी सैल पडली आणि माशाने मान झटकली, की गेला. म्हणजे या एका नियमाने नशिबाचा आधार काढून घेतला आणि सगळा भार दोरी सतत ताणलेली ठेवण्यावर टाकला. ती ताणलेली ठेवायचं काम निम्मं गरवणाऱ्याचं आणि निम्मं वल्हवणाऱ्याचं.

इथेच या मासेमारीची खरी गंमत आहे. बिल्ला गरवणाऱ्याला मिळतो, फोटो त्याचा निघतो, पण मासा लागतो तो बहुतेक वेळा वल्हवणाऱ्याच्या करामतीने.

होडीतली बसण्याची रचना डोळ्यांपुढे आणा. वल्हवणारा मधल्या फळीवर बसतो आणि त्याची पाठ नाळेकडे, म्हणजे होडी जिकडे चाललीय तिकडे असते. त्याचं तोंड मागे, वराम्याकडे. मागे गरवणारा बसलेला, आणि होडीच्या कडेच्या खोबणीत टेकवलेल्या रॉडचं टोक पाण्यावर झुकलेलं. म्हणजे जाण्याची दिशा वल्हवणाऱ्याला मान वळवल्याशिवाय दिसत नाही, पण रॉडचं टोक मात्र सतत त्याच्या नजरेसमोर. इंजिनाच्या बोटीत सुकाणूवाला पुढे बघतो आणि गळ मागे राहतात. वल्ह्याच्या होडीत चालवणारा माणूस आपोआप गळाकडे तोंड करून बसतो.

तो त्या टोकात बघतो काय? थरथर. पाण्यातून ओढला जाणारा प्लग सरळ जात नाही. पाण्याचा दाब त्याच्या तिरप्या तोंडावर पडतो आणि तो डावीकडे-उजवीकडे डुलत राहतो, जखमी मासा जसा लटपटत जाईल तसा. ही डुलकी दोरीतून वर चढते आणि रॉडचं टोक ठेक्यात हलत राहतं, एखाद्याच्या गळ्यावरची नाडी उडताना दिसावी तसं. ठेका मंदावला तर होडी हळू चाललीय, प्लग मेल्यासारखा लोंबतोय. ठेका फार जलद झाला तर वेग जास्त आहे. आणि ठेका एकदम थांबला तर गरीला समुद्री गवत अडकलंय, गुंडाळा आणि साफ करा. सराईत वल्हवणारा हे सगळं बोलता बोलता वाचत असतो आणि वल्ह्याच्या मारात किंचित फरक करत राहतो. वल्ही मोठ्या पल्ल्याने मारली तर होडी झटके घेत जाते, प्लगही झटके खातो. म्हणून मार आखूड आणि एकसारखे.

यात भरती-ओहोटी मिसळली की प्रकरण आणखी रंगतं. कॅम्पबेल रिव्हरच्या पुढ्यात डिस्कव्हरी पॅसेज नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिथून थोडं उत्तरेला सीमोर नॅरोजमध्ये उधाणाच्या दिवसांत पाणी १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी अठ्ठावीसेक किलोमीटरने धावतं. तिथला रिपल रॉक हा बुडालेला खडक जहाजांचा इतका काळ ठरला होता की ५ एप्रिल १९५८ रोजी त्याच्या पोटात बोगदे खणून, स्फोटकं भरून तो उडवून द्यावा लागला. टायी पुलात एवढा जोर नसतो, पण पाणी सतत कुठे ना कुठे चाललेलं असतं, आणि वर नदीचा स्वतःचा लोट.

आता प्रश्न असा: होडीचा वेग म्हणजे कशाच्या तुलनेत वेग? प्लगला किनारा दिसत नाही. त्याला फक्त आजूबाजूचं पाणी कळतं. समजा पाण्याची ओढ ताशी दोन किलोमीटरची आहे आणि तुम्ही तिच्याविरुद्ध ताशी दोन किलोमीटरने वल्हवताय. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला होडी जागच्या जागी उभी दिसेल, पण पाण्यातला प्लग मात्र व्यवस्थित डुलत असेल. म्हणजे मासे जिथे दबा धरून थांबलेत नेमक्या त्याच जागेवर होडी धरून ठेवता येते, आणि प्लग त्यांच्या तोंडापुढे नाचवत ठेवता येतो. ओढीच्या दिशेने निघालात तर तोच प्लग तेवढाच डुलवायला होडी किनाऱ्याच्या हिशेबाने दुप्पट जागा ओलांडते आणि क्षणात माशांवरून पुढे निघून जाते. त्यामुळे जाणता वल्हवणारा ओढीत तिरपा चढतो, कडेला सरकतो, जरा मागे घसरू देतो, परत चढतो. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. त्याच्या खांद्यांना विचारा.

मासा या जागी थांबतो का, तर तो नदीत शिरायच्या तयारीत असतो. चिनुकचं पिल्लू नदीतून समुद्रात जातं, तिथे काही वर्षं काढतं आणि मग जन्मनदीच्या पाण्याचा वास ओळखत परत येतं. थेट नदीत घुसत नाही. खाऱ्यातून गोड्या पाण्यात जायचं तर शरीराची मिठाची सगळी व्यवस्था उलटी करावी लागते. शिवाय नदीला पुरेसं पाणी हवं, योग्य भरती हवी. म्हणून मासे मुखाशी रेंगाळतात. या काळात त्यांची भूक संपत चाललेली असते. पोट आक्रसतं, खाणं सुटतं, पुढचा सगळा प्रवास साठवलेल्या चरबीवर. मग ज्याला भूकच नाही त्याने खोट्या माशावर झडप का घालावी? जुन्या सवयीचा झटका म्हणा, नाहीतर नाकासमोर येऊन नाचणाऱ्या आगंतुकाचा राग म्हणा. गरवणारे दुसऱ्या कारणावर जास्त विश्वास ठेवतात, आणि म्हणून त्याच त्याच जागेवरून प्लग पुन्हा पुन्हा फिरवत राहतात. डिवचत राहायचं.

झडप पडते तेव्हा चूक व्हायला जागा नसते. रॉडचं टोक ठेका सोडून एकदम पाण्यात खेचलं जातं. गरवणारा रॉड खोबणीतून उचलतो आणि त्याच क्षणी वल्हवणारा चार-पाच मार जीव खाऊन मारतो, कारण नखी नसलेली गरी खोल रुतायची तर होडीने पुढे झेप घेऊन दोरी ताणायला हवी. आजूबाजूच्या होड्यांना ओरडून कळवलं जातं. शिष्टाचार असा की त्यांनी आपल्या दोऱ्या गुंडाळून वाट द्यायची. मग वल्हवणारा होडीला गर्दीतून काढून मोकळ्या, खोल पाण्याकडे घेऊन जातो. मासाही बहुधा तिकडेच निघालेला असतो.

आता शीर्षकातलं कोडं. वीस पौंड ताणाला तुटणाऱ्या दोरीने तीस, चाळीस, पन्नास पौंडांचा मासा निघतो कसा?

पहिली गोष्ट, मासा पाण्यात जवळजवळ वजनहीन असतो. त्याचं वजन पाणी तोलून धरतं. दोरीला पेलायची असते ती त्याची ओढ, वजन नव्हे. मात्र ही ओढ झटक्यात आली तर वीस पौंडांची मर्यादा सहज ओलांडते. तेव्हा सगळी कला झटका बोथट करण्यात आहे, आणि त्यासाठी हाताशी तीन स्प्रिंगा असतात. एक रॉड, जो वाकून झटका पोटात घेतो. दुसरं रीळ. त्यात ड्रॅग म्हणजे घर्षणाची चकती असते. ती अशी बेतायची की दोरी तुटण्याच्या कितीतरी आधी, समजा पाच-सहा पौंडांच्या ओढीला, रीळ घसरायला लागून दोरी सोडेल. मासा पळाला तर पळू द्यायचं, फक्त फुकट पळू द्यायचं नाही, प्रत्येक मीटरची किंमत वसूल करायची. त्या किनाऱ्यावर अनेक जण अजूनही जुन्या धाटणीचं साधं रीळ वापरतात, ज्याची मूठ थेट दोरी गुंडाळलेल्या चाकालाच जोडलेली असते. मासा पळाला की मूठही उलटी गरगर फिरते आणि मध्ये बोट आलं तर सांधा सुजलाच म्हणून समजा.

तिसरी स्प्रिंग म्हणजे होडी. हलकी होडी माशाच्या ओढीने स्वतःच सरकते, आणि तो जितका ओढेल तितका दमतो. शिवाय वल्हवणारा ती हवी तशी फिरवू शकतो. मासा होडीकडे सुसाट आला तर दोरी सैल पडण्याचा धोका, म्हणून होडी त्याच्यापासून लांब न्यायची. मासा लांब निघाला आणि रिळावरची दोरी संपत आली तर त्याच्या मागे जायचं. मासा होडीखाली शिरला तर वरामा फिरवून दोरी तळाला घासू द्यायची नाही. हा झगडा अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त चालतो. अंधार पडतो, ओहोटी होडीला सामुद्रधुनीकडे खेचत असते, आणि दोघांत एकच जण बोलत असतो: वल्हवणारा. "गुंडाळ. थांब. जाऊ दे त्याला. आता गुंडाळ."

शेवटी जाळं. मासा पकडून ठेवायचा असेल तर क्लबहाउसपाशी आणून अधिकृत काट्यावर तोलला जातो आणि सोबतची सामग्रीही नियमांत बसते का ते बघतात. साडेएकोणतीस पौंड भरला तर? मग तो फक्त एक फार मोठा मासा. बिल्ला नाही.

हे सगळं आलं कुठून? १८९६ साली सर रिचर्ड मस्ग्रेव्ह या आयरिश सरदाराने इथे ७० पौंडांचा सामन पकडला आणि त्याची हकीकत 'द फील्ड' या इंग्रजी शिकारी नियतकालिकात छापून आली. इंग्लंडातल्या मोकळा वेळ आणि भरला खिसा असलेल्या मंडळींना जागा कळली. १९०४ मध्ये चार्ल्स थुलिन यांनी गावात विलोज हॉटेल काढलं, पाहुण्यांची सोय झाली. पण एक गोष्ट या हकीकतींत बरेचदा तळटीपेसारखी येते: या पाण्यात गोऱ्यांच्या आधीपासून वी वाई काई आणि वेई वाई कुम या समूहांचे लोक लाकूड कोरून केलेल्या होड्यांतून सामन धरत होते, आणि सुरुवातीच्या साहेबांना मासे मिळाले ते याच लोकांच्या होड्यांत बसून, त्यांच्या हातच्या वल्ह्यांवर. साहेबाने 'शोधलेली' जागा कुणाच्या तरी परसातली असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

पुढे गर्दी वाढली, दोऱ्या जाड झाल्या, होड्यांना इंजिनं लागली. तेव्हा काही जणांना वाटलं की असंच चाललं तर यात खेळ उरणार नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा कॅटलिना बेटावर १८९८ पासून ट्यूना क्लब होता. तिथे ट्यूनासारखे दांडगे मासे मुद्दाम हलक्या सामग्रीने पकडण्याचे नियम होते. तोच कित्ता १९२४ मध्ये इथे सामनसाठी गिरवला गेला. त्याच दशकात नेड पेंटर नावाचे होडी बांधणारे इथे आले. त्यांच्या देवदारी लाकडाच्या हलक्या होड्यांनी हा खेळ वाढवला, आणि त्यांचं पेंटर्स लॉज पुढे इतकं नावारूपाला आलं की हॉलिवूडची मंडळी तिथे उतरू लागली. लॉजची जुनी इमारत १९८५ मध्ये जळाली, पुन्हा बांधली गेली. आपल्याकडे पवई तलावावर गळाने मासे धरणाऱ्यांची जुनी संस्था आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. तिथल्या काठावरच्या खुर्च्या बघितल्या असतील त्यांना अशा क्लबचं वातावरण वेगळं सांगायला नको. मासा कमी, गप्पा जास्त.

आता माझी तक्रार. नियम ज्यांनी केले त्यांनी माणूस आणि मासा यांच्यातली झुंज बरोबरीची केली. दोरी बारीक केली, नखी काढली, इंजिन काढलं. हे सगळं होडीच्या आतलं. पण हा मासा होडीत बसलेल्या माणसामुळे कमी झालेला नाही. नदीवर थोडं वर एल्क फॉल्स हा धबधबा आहे. मासे त्याच्या पुढे कधीच जाऊ शकत नव्हते, म्हणजे अंडी घालायला नदीचा फक्त खालचा आखूड तुकडा. त्यात १९४७ मध्ये जॉन हार्ट धरण झालं. धरणाने पाणी अडवलं आणि त्याबरोबर वरून वाहत येणारी वाळू-गोटेही अडवले. मादी सामन शेपटीने गोटे उकरून खड्डा करते आणि त्यात अंडी घालते. गोटेच आले नाहीत तर अंडी घालणार कुठे? दांडीच्या आसपास खाडीत लाकडाच्या ओंडक्यांचे धंदे, वस्ती, भराव. समुद्रात व्यापारी मासेमारी. वर किलर व्हेल, ज्यांच्या एका टोळीचं चिनुक हेच मुख्य अन्न, आणि ती टोळीही आता सत्तर-पंचाहत्तरावर आलेली.

शिवाय पॅसिफिकच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी चिनुक संख्येने घटले, तसे आकारानेही लहान होत गेले. मासा मोठा होतो तो जास्त वर्षं समुद्रात काढून. जितकी जास्त वर्षं, तितक्या जास्त वेळा जाळ्यात नाहीतर जबड्यात सापडायची शक्यता. लवकर परतणारे लहान मासे वाचतात आणि त्यांचीच पोरं पुढे येतात. आणि नेमक्या त्या मोठ्या माशांचीच नदीला गरज असते, कारण मोठी मादी जास्त अंडी घालते आणि जड गोट्यांत खोल खड्डा उकरू शकते. तिसाच्या खालच्याला बिल्ला नाही आणि साठीच्या वरच्याला हिरा, हा हिशेब १९२४ मध्ये कौतुकाचा होता. आज त्याच हिशेबाकडे बघताना जरा चुळबुळ होते.

हे तिथल्या लोकांना कळत नाही असं मुळीच नाही. नदीकाठी राहणारे लेखक आणि दंडाधिकारी रॉडरिक हेग-ब्राउन १९७६ मध्ये वारेपर्यंत या नदीसाठी भांडत राहिले. शेजारच्या क्विन्सम नदीवर १९७४ पासून सरकारी हॅचरी आहे, तिथे अंडी उबवून पिल्लं सोडतात. खाडीतल्या काही जागा विकत घेऊन पुन्हा गवताळ केल्या, नदीत गोटे आणून टाकले. आपल्याकडे लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटा पॉवर महसीरची पिल्लं वाढवते, त्यामागचा विचार हाच: धरणाने माशाची वाट अडवली, तर निदान पाळणा हलवू.

मासा सोडून देणारे गरवणारेही बरेच. सोडायचा तर तोलायचा कसा? काट्याला टांगलं तर आतले अवयव फाटतात. त्यासाठी गरवणाऱ्यांचं एक जुनं गणित आहे: माशाची लांबी इंचांत, घेर इंचांत, घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००. उत्तर पौंडांत. लांबी ४२, घेर २६ असेल तर ६७६ गुणिले ४२ म्हणजे २८,३९२, भागिले ८००, साडेपस्तीस पौंड. मासा पाण्यातच ठेवून टेपने दोन मापं घ्यायची, गरी सोडवायची. नखी नसल्याचा फायदा इथे माशाला होतो. मग शेपटीपाशी हलक्या हाताने धरून त्याला ओढीच्या दिशेला तोंड करून उभं करायचं, कल्ल्यांतून पाणी खेळू द्यायचं, आणि तो स्वतः शेपटी झटकेपर्यंत थांबायचं.

खायला कसा लागतो, हा प्रश्न मराठी माणूस विचारणारच. समुद्रातला चिनुक सुरेखच, चरबीदार. पण नदीच्या तोंडाशी आलेल्या टायीने ती चरबी अंडी आणि प्रवास यांकडे वळवलेली असते, मांस फिकं आणि मऊ पडायला लागलेलं असतं. धुरावून चांगला. कालवणाचा विचार करत असाल तर आपला रावस त्याला पुरून उरेल, हे मी पक्षपात मान्य करून सांगतो.

व्हँकुव्हरच्या आसपास राहणाऱ्या आणि कधी गरवलेल्या मंडळींनी मात्र एकदा जाऊन यावं. हॉर्सशू बे या धक्क्यावरून बेटावरच्या नानाइमोला जाणारी फेरीबोट, पुढे उत्तरेला दीडशे किलोमीटर गाडी. समुद्रात गरवायचा केंद्र सरकारचा परवाना आधी काढा, आणि चिनुक ठेवण्याचे नियम त्या वर्षाचे बघा, ते बदलत असतात. ऑगस्टमधली, संध्याकाळच्या भरतीची तारीख धरा. वल्हवणारा ओळखीतून किंवा क्लबकडे विचारून मिळेल. गरम कपडे न्या, पाणी ऑगस्टातही बर्फासारखं असतं. होडीत उभं राहू नका, रॉडच्या टोकावरून नजर काढू नका, आणि तो सांगेल तेव्हाच गुंडाळा. मासा लागला, दंडाला गोळे आले, बोटं सोलली, तरी रॉड क्षणभरही त्याच्या हातात देऊ नका. तो घेणारही नाही. वल्ही धरलेले दोन्ही हात मुठी आवळून ठेवेल आणि मान हलवेल.